राजाचे नाव, कारागिराचा शिक्का

फ्रान्समधील गृहसज्जेचा इतिहास वाचावयास घेणाऱ्या मराठी वाचकाची पहिली गाठ पडते ती राजांच्या क्रमांकांशी. खुर्चीचे पाय जाड, भरीव आणि दरबारी असतील तर ती लुई चौदाव्याची. तेच पाय बाकदार होऊन खाली खुरासारखे निमुळते झाले की पंधराव्याची. आणि पुन्हा सरळ होऊन त्यांवर उभ्या खोबणी पडल्या की सोळाव्याची, असा हा ठरीव हिशेब आहे. यांपैकी सोळाव्या लुईला कुलपे घडविण्याचा छंद होता हे खरे. पण ज्या खुर्च्यांना या तिघांची नावे चिकटली, त्यांतील एकीचाही पाय त्यांनी घडविला नव्हता. राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दालनापासून सजावटकाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दालनापर्यंत फ्रान्सने जी सुमारे तीनशे वर्षांची वाट चालली, तिची हकीकत ही मुख्यतः नावाच्या हक्काची हकीकत आहे, असे माझे मत आहे. आणि तीतील एक प्रकरण होळकरांच्या इंदुरात घडलेले असल्यामुळे ती मराठीत सांगणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

आरंभ एका मेजवानीपासून करणे सोयीचे. १७ ऑगस्ट १६६१ रोजी निकोला फूके या राज्याच्या अर्थमंत्र्याने व्हो-ल-व्हिकाँत येथील आपल्या नव्या प्रासादात तरुण लुई चौदाव्याला पाचारण केले. प्रासादाची इमारत लुई ल व्हो याची, उद्यान आंद्रे ल नोत्र याचे, आणि आतील चित्रित छतांपासून भित्तिपटांपर्यंतची सर्व सजावट शार्ल ल ब्रँ याची होती. फूकेच्या अटकेचा बेत, पुढे राजाचा अर्थकारभारी झालेल्या कोल्बेरच्या मसलतीने, आधीच शिजला होता. या रात्रीच्या वैभवाने त्याला फोडणी मिळाली इतकेच. तीन आठवडे उलटण्यापूर्वीच फूके कैदेत पडला, आणि त्याच्या जप्त चीजवस्तूंबरोबर त्याचे तिन्ही कलावंतही जणू सरकारजमा झाले. व्हर्सायचे जे रूप जगाला पुढे दिपवून गेले ते मुख्यतः याच तिघांच्या हातचे.

कोल्बेरने यानंतर जे केले ते समजण्यास आपल्या अठरा कारखान्यांचे स्मरण उपयोगी पडेल. छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या राज्यव्यवस्थेत जामदारखाना, फरासखाना इत्यादी खात्यांकडे सरकारी जिन्नसांची वहिवाट असे; कोल्बेरने त्याच्या एक पाऊल पुढे जाऊन जिन्नस सांभाळण्याबरोबर तो निर्माण करण्याचे कामही सरकारी शिस्तीत आणले. पॅरिसमधील गोब्लँ येथे भित्तिपट विणणारे, चांदीकाम करणारे, कोरीवकाम व जडावकाम करणारे असे शेकडो कसबी एका छत्राखाली बसविण्यात आले आणि १६६३ मध्ये त्या सर्वांवर ल ब्रँची नेमणूक झाली. चित्रकाराने रेखाटन करावे आणि विणकराने, सुताराने, ओतकाम करणाऱ्याने ते निमूटपणे पार पाडावे, ही श्रमविभागणी येथे पक्की झाली. सजावटकार नावाचा स्वतंत्र पेशा तेव्हा अस्तित्वात नव्हता. तथापि हाताने काहीही न घडविता संबंध दालनाचा कर्ता ठरणारा पहिला मनुष्य ल ब्रँ हाच म्हटला पाहिजे. व्हर्सायच्या आरसेदालनाची सजावट त्याच्याच आराखड्याप्रमाणे १६७८ ते १६८४ या काळात सिद्ध झाली. ७३ मीटर लांबीच्या त्या दालनात ३५७ आरसे आहेत, आणि आरशाच्या कलेत व्हेनिसची जी मक्तेदारी होती ती मोडण्यासाठी कोल्बेरने तेथील कारागीर फूस लावून आणविले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या झगमगाटामागील राजकारण लक्षात येते.

त्या आरशांसमोर भरीव चांदीची मेजे, दिवे आणि कुंड्या मांडलेल्या होत्या. १६८९ मध्ये युद्धखर्चासाठी राजाने हे सारे रुपेरी सामान वितळवून त्याची नाणी पाडण्याचा हुकूम दिला. ज्याचे नाव सामानाला मिळते त्यालाच ते वितळविण्याचाही अधिकार असतो.

याच राजाच्या अमदानीत एका सुताराचे नाव मात्र राजाच्या नावाखाली दबले नाही. आंद्रे-शार्ल बूल याचा जन्म १६४२चा. १६७२ मध्ये त्याला लूव्ह्र राजवाड्यात राहण्यास जागा मिळाली, आणि या राजाश्रयामुळे पॅरिसच्या व्यवसायसंघांचे नियम त्याला लागू होईनासे झाले. हा लाभ मोठा होता. कारण संघाच्या कायद्याप्रमाणे लाकडाचे काम करणाऱ्याला ब्राँझ ओतण्याची मुभा नव्हती आणि ओतकाम करणाऱ्याला रंध्यास हात लावता येत नव्हता. बूल दोन्ही करी. कासवाच्या पाठीचा पातळ पत्रा आणि पितळेचा पत्रा एकावर एक ठेवून दोन्ही एकदमच कापावयाचे, आणि मग कासवाच्या भूमीत पितळेची वेल बसवावयाची, ही त्याची रीत. उरलेल्या तुकड्यांतून पितळेच्या भूमीत कासवाची वेल असा उलट जोड तयार होई, आणि श्रीमंत गिऱ्हाईक दोन्ही घेऊन दिवाणखान्यात समोरासमोर मांडी. ही पद्धत त्याने शोधली नव्हती, त्याच्यापूर्वीही ती चालत होती. पण त्याने ती अशा पूर्णत्वास नेली की तिला आजही त्याचेच नाव आहे. चित्रे व रेखाटने जमविण्याच्या नादापायी तो आयुष्यभर कर्जात राहिला, १७२० मध्ये त्याच्या कारखान्यास आग लागून तो संग्रहही बव्हंशी नष्ट झाला, आणि १७३२ मध्ये तो निवर्तला तेव्हा त्याच्या मागे कीर्ती आणि देणी एवढेच उरले होते.

बूलला मिळालेली सवलत किती दुर्मिळ होती हे पॅरिसच्या सुतारसंघाचे नियम पाहिल्यावर कळते. भरीव लाकडाच्या खुर्च्या व पलंग करणारे एका शाखेत, आणि मौल्यवान लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवून कपाटे व मेजे करणारे दुसऱ्या शाखेत. १७४३ मध्ये तयार झालेल्या आणि १७५१ पासून रीतसर अमलात आलेल्या नियमांनी प्रत्येक उस्तादाला आपल्या नावाचा लोखंडी शिक्का बाळगून तो प्रत्येक जिनसेवर ठोकणे सक्तीचे केले. संघाचे पंच वर्षातून ठरावीक वेळा कारखान्यात येऊन काम पसंत पडल्यास आपला शिक्का त्याशेजारी उमटवीत. हा शिक्का खुर्चीच्या बैठकीखाली, कपाटाच्या मागल्या कडेला, संगमरवरी फळी उचलल्याखेरीज दिसू नये अशा ठिकाणी असे. वर राजाचा क्रमांक आणि खाली कारागिराचे नाव, अशी ही व्यवस्था.

शहराच्या पूर्वेस सेंत-आंत्वान नावाचे उपनगर होते, तेथील मठाच्या जुन्या हक्कांमुळे व १६५७च्या राजाज्ञेमुळे संघाचे नियम तेथे चालत नसत. परमुलखातून, विशेषतः जर्मन प्रांतांतून, आलेले हुन्नरी लोक या पेठेत उतरत. पंधराव्या आणि सोळाव्या लुईच्या नावाने मिरविणाऱ्या फ्रेंच अभिरुचीचा फार मोठा वाटा या परदेशी हातांनी घडविला, ही गोष्ट फ्रेंच अभिमानाला फारशी रुचणारी नसली तरी खरी आहे. झाँ-फ्रांस्वा ओबेन हा असाच जर्मन. पंधराव्या लुईसाठी त्याने १७६० मध्ये एक वर्तुळाकार सरकत्या झाकणाचे प्रचंड लेखनमेज हाती घेतले; ते अपुरे असतानाच तो वारला; त्याच्या हाताखालचा झाँ-आँरी रीझनेर, तोही जर्मनच, त्याच्या विधवेशी विवाह करून कारखान्याचा मालक झाला आणि १७६९ मध्ये त्याने ते मेज पुरे केले. एकच किल्ली फिरविली असता झाकण आणि सारे खण एकदम उघडतात, असे हे यंत्रकाम. त्यावर रीझनेरचे नाव जडावात आहे. परंतु जग त्याला राजाचे मेज म्हणूनच ओळखते.

राजा आणि कारागीर यांच्या मध्ये आता एक तिसरा असामी येऊन बसला होता, तो व्यापारी. शृंगारवस्तूंच्या या व्यापाऱ्यांना स्वतः काहीही घडविण्याची कायद्याने बंदी होती, पण विकण्याची मात्र पूर्ण मोकळीक होती. साहजिकच, कोणत्या सुताराच्या कपाटावर सेव्ह्रच्या चिनी मातीच्या कोणत्या तबकड्या बसवावयाच्या, जपानी रोगणाचा पडदा कापून त्याच्या फळ्या कोणाकडून फ्रेंच पेटीवर चढवावयाच्या, हे तेच ठरवू लागले. लाझार द्यूव्हो या व्यापाऱ्याची १७४८ ते १७५८ या दशकाची रोजकीर्द सुदैवाने टिकून आहे. तीत पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिच्या नावे इतक्या रकमा पडल्या आहेत की, राजाच्या नावाने चालणाऱ्या शैलीचा खरा पोशिंदा कोण होता याविषयी वाचकास संशय राहू नये. या व्यापाऱ्यांना आपल्या कारागिरांची नावे गिऱ्हाइकास कळू न देण्यातच लाभ होता. ‘बी. व्ही. आर. बी.’ एवढी चारच अक्षरे ज्याच्या शिक्क्यात होती, त्या अप्रतिम कारागिराचे नाव कालौघात पार विसरले गेले, आणि ही अक्षरे बर्नार व्हान रिसेनबर्ग याची, हा उलगडा १९५७ मध्ये, म्हणजे जवळजवळ दोन शतकांनी झाला. तोपर्यंत धनिक संग्राहक त्याच्या कपाटांना वाटेल ती किंमत देत होते. कर्ता ठाऊक नाही म्हणून कोणाचे अडले नव्हते.

मग क्रांती झाली. व्हर्सायच्या सामानाचा लिलाव ऑगस्ट १७९३ मध्ये सुरू झाला तो वर्षभर चालला, आणि १७,०००हून अधिक जिन्नस त्यात विकले गेले. आपल्याच हातची कपाटे कवडीमोलाने जाताना पाहून रीझनेरने त्यांतील काही परत विकत घेतली, कारण पूर्वीचे गिऱ्हाईक पुन्हा येईल अशी त्याला आशा होती. ते गिऱ्हाईक एकतर परागंदा झाले होते वा फासाहून भयंकर अशा गिलोटीन यंत्राखाली गेले होते. राजचिन्हे उतरविण्याचे काम नव्या सरकारने ज्यांच्याकडून करून घेतले त्यांत रीझनेर स्वतः होता. १७९१ मध्ये व्यवसायसंघच बरखास्त झाल्यामुळे शिक्क्याची सक्तीही संपली. १८०६ मध्ये रीझनेर दारिद्र्यात मेला.

मोकळ्या झालेल्या या जागेत दोन मित्र शिरले. शार्ल पेर्सिए आणि पिएर-फ्रांस्वा-लेओनार फाँतेन हे दोघेही वास्तुविशारद, दोघेही रोममध्ये प्राचीन अवशेषांची रेखाटने करून आलेले, आणि एकमेकांना इतके धरून असलेले की मृत्यूनंतरही त्यांना एकाच थडग्यात ठेवण्यात आले. नेपोलियनची पत्नी झोझेफीन हिने घेतलेला माल्मेझाँचा वाडा सजविण्याचे काम त्यांच्याकडे आले. नेपोलियनच्या मसलतीचे दालन त्यांनी १८०० मध्ये दहा दिवसांत पुरे केले. भिंतींवर पट्ट्यापट्ट्यांचे कापड ताणून, भाल्यांसारख्या दांड्या उभ्या करून त्यांनी त्या खोलीचा लष्करी तंबू करून टाकला. घाईत, थोडक्या खर्चात आणि मालकाच्या स्वभावाशी इतके जुळणारे दुसरे दालन मला तरी माहीत नाही. पण त्यांचे खरे सामर्थ्य पुस्तकात होते. १८०१ पासून त्यांनी आपल्या सजावटींच्या आराखड्यांचे छापील भाग काढण्यास आरंभ केला आणि १८१२ मध्ये त्यांचा एकत्र ग्रंथ झाला. सेंट पीटर्सबर्गचा वा नेपल्सचा सरदार तो ग्रंथ आपल्या सुतारापुढे उघडून ठेवू शके. पलंगापासून पडद्याच्या कड्यांपर्यंत सर्व काही एकाच बुद्धीतून निघाले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता; आणि तरीही जी शैली त्यांनी घडविली तिला नाव मिळाले ते साम्राज्याचे, म्हणजे पुन्हा राज्यकर्त्याचेच.

एकोणिसाव्या शतकाचा उरलेला भाग मी झरझर ओलांडतो. त्या काळात फ्रान्समध्ये पैसा पुष्कळ झाला आणि कल्पना थोड्या. सेंत-आंत्वानच्या कारखान्यांतून तिन्ही लुईंच्या नकला उत्तम निघाल्या, अगदी राजाच्या त्या मेजाच्याही निघाल्या. शतक सरताना नान्सीमध्ये एमिल गाले आणि लुई माजोरेल यांनी वेलींना आणि फुलदांड्यांना खुर्चीच्या पाठीत आणून बसविले खरे, परंतु त्यांचा बहर दशक-दीड दशकात ओसरला. माझ्या विषयाच्या दृष्टीने त्या काळातील महत्त्वाच्या गोष्टी दोनच. १९०१ मध्ये सजावट-कलावंतांनी आपली स्वतःची संस्था स्थापन केली. आणि ११ मार्च १९०२च्या कायद्याने अलंकरणाचे रेखाटन करणाऱ्यालाही चित्रकाराप्रमाणे आपल्या कृतीवर कर्त्याचा हक्क मिळाला. रेखाटन करणाऱ्याच्या नावाचा प्रश्न आता कायद्याच्या पुस्तकात दाखल झाला.

झाक दूसे या वस्त्रव्यवसायी धनिकाने अठराव्या शतकातील वस्तूंचा आपला अपूर्व संग्रह १९१२च्या जूनमध्ये लिलावात काढला. सुमारे १ कोटी ४० लाख फ्रँक आले. आणि त्यानंतर या गृहस्थाने पॉल इरीब, पिएर लग्रँ, एलीन ग्रे अशा तरुण मंडळींकडून आपले घर नव्याने सजवून घेतले. गिऱ्हाइकाने मृत राजांकडे पाठ फिरविली की जिवंत कलावंताला वाव मिळतो, याचे हे ढळढळीत उदाहरण होय. एमिल-झाक ऱ्यूलमान हा या नव्या वाऱ्याचा सर्वांत मोठा लाभार्थी. १८७९ मध्ये पॅरिसात जन्मलेल्या या मनुष्याचे घराणे भिंती रंगविण्याच्या आणि आरसे-कागद पुरविण्याच्या धंद्यातले. त्याने स्वतः सुतारकी शिकलेली नव्हती. मकासारचे आबनूस, अंबोयनाचे ठिपकेदार लाकूड, त्यांत हस्तिदंताची केसासारखी बारीक रेघ, आणि चातीसारखे वर-खाली निमुळते पाय, ही त्याची ओळख. १९२५च्या पॅरिस प्रदर्शनात पिएर पातू याने बांधलेल्या एका मंडपात त्याने ‘संग्राहकाचे घर’ मांडले, आणि लोक तासन्‌तास रांगा लावून ते पाहून गेले. त्याच्या मालावर जो शिक्का डागलेला असे त्यात नाव ऱ्यूलमानचे असे आणि ज्या कारखान्यात वस्तू घडली त्याचे केवळ ‘ए’ किंवा ‘बी’ असे अक्षर. १७५१च्या कायद्याने जी जागा सुताराला दिली होती ती आता सजावटकाराने घेतली आणि सुतार एका अक्षरावर आला. ऱ्यूलमानविषयी मला पूर्ण आदर आहे. त्याच्या मेजाची कड ज्याने पाहिली आहे तो ती विसरणार नाही. तथापि त्याचे काम दरबार नाहीसा झाल्यानंतरचे दरबारी काम आहे, हे म्हटल्यावाचून राहवत नाही. १९३३ मध्ये मृत्यू समोर दिसताच त्याने हाती असलेली कामे पुरी करून पेढी बंद करावी अशी व्यवस्था केली. आपल्यामागे आपले नाव दुसऱ्याने वापरू नये, ही दक्षता बूललाही साधली नव्हती.

याच्या अगदी उलट झाँ-मिशेल फ्रांक. त्याचा जन्म १८९५चा. पहिल्या महायुद्धात दोन्ही वडील भाऊ पडले आणि पित्याने आत्मघात केला. या माणसाने खोल्या रिकाम्या केल्या. व्हिकाँत द नोआयच्या पॅरिसमधील घराचे दिवाणखाने त्याने सजविले, तेव्हा भिंतींवर चित्रे न टांगता चर्मपत्राचे चौकोनी तुकडे एकाशेजारी एक जडविले आणि सामान अगदी मोजके ठेवले. कवी झाँ कॉक्तो फ्रांकचे स्वतःचे घर पाहून बाहेर पडला आणि तरुण मोठा लाघवी आहे, पण चोरांनी त्याचे सगळे सामान नेले हे वाईट झाले, असे म्हणाला अशी आख्यायिका आहे. त्या रिकामपणाचा खर्च मात्र राजेशाही होता. राय नावाच्या धान्याचे काड उभे चिरावयाचे, नखाने वा हाडाच्या पट्टीने सपाट करावयाचे आणि एकेक काडी चिकटवून संबंध कपाट किंवा भिंत मढवावयाची. पाकटाचे खरखरीत कातडे घासून हस्तिदंतासारखे गुळगुळीत करून ते मेजावर चढवावयाचे. अशी ही साधी खोली तयार होण्यास कित्येक हातांचे कित्येक महिने लागत. अदोल्फ शानो या कसबी सहकाऱ्याच्या कारखान्यात हे घडे. दिवे जाकोमेती बंधू घडवून देत. ऱ्यूलमान आणि फ्रांक यांत निवड करावयाची झाल्यास मी फ्रांकला निवडीन. कारण लाकडाच्या मोलाने डोळे दिपविणे सोपे आहे, काडाने दिपविणे कठीण. फ्रांक ज्यू होता. १९४०मध्ये जर्मन फौजा आल्या तेव्हा त्याला देश सोडावा लागला. ब्वेनोस आयर्सहून तो न्यूयॉर्कला गेला आणि तेथे मार्च १९४१ मध्ये त्याने स्वतःचे जीवित संपविले. ॲन फ्रँकचा पिता ऑटो हा त्याचा चुलतभाऊ.

१९२७ मध्ये शार्लोत पेरियाँ ही चोवीस वर्षांची तरुणी वास्तुविशारद ल कोर्ब्युझिएकडे काम मागावयास गेली, तेव्हा आमच्याकडे उशांवर भरतकाम होत नाही असे सांगून त्याने तिची बोळवण केली. थोड्याच दिवसांत तिने एका प्रदर्शनात मांडलेले, निकेल आणि ॲल्युमिनियमचे लखलखीत मद्यगृह त्याने पाहिले, आणि तिला बोलावून घेतले. पोलादी नळीच्या ज्या खुर्च्या आणि जी आरामखुर्ची पुढे जगभर गाजली, त्यांवर तिचे, ल कोर्ब्युझिएचे आणि त्याचा चुलतभाऊ पिएर झानरे याचे अशी तीन नावे आहेत. लोकांच्या तोंडी बहुधा एकच राहिले. मूळ आयरिश असलेली एलीन ग्रे हिची गत याहून वेगळी झाली नाही. जपानी उस्ताद सुगावारा याच्याकडून रोगणाची कला शिकलेल्या या बाईने भूमध्य समुद्राच्या काठी एक अजोड घर बांधले. त्याच्या भिंतींवर ल कोर्ब्युझिएने तिला न विचारता चित्रे रंगविली, आणि पुढे दीर्घकाळ ते घर त्याचेच समजले जाई. २००९मध्ये तिची एक जुनी खुर्ची पॅरिसच्या लिलावात जवळजवळ २ कोटी १९ लाख युरोंना गेली, तेव्हा ती मरून तेहतीस वर्षे झाली होती.

आता इंदूर. मराठेशाहीतून उदयास आलेल्या होळकर घराण्यातील दुसरे यशवंतराव १९०८ मध्ये जन्मले, ऑक्सफर्डला शिकले, आणि तेथे त्यांची ओळख एकार्ट मुथेसियुस या समवयस्क जर्मन वास्तुविशारदाशी झाली. यशवंतराव आणि कागलच्या घाटगे घराण्यातून आलेल्या त्यांच्या पत्नी संयोगिताबाई ही दोघेही पॅरिसच्या कलावंतांत वावरलेली. १९३० ते १९३३ या काळात मुथेसियुसने त्यांच्यासाठी माणिकबाग राजवाडा सिद्ध केला, आणि त्यात पॅरिसची अर्धी कलासृष्टी येऊन दाखल झाली. अभ्यासिकेसाठी ऱ्यूलमानचे आबनुसी सामान आले. शयनगृहासाठी लुई सोन्यो आणि शार्लोत आलिक्स यांनी धातू व काच यांचे पलंग केले. जमिनीवर इव्हाँ दा सिल्व्हा ब्रून्स याचे गालिचे पडले. एलीन ग्रेची खुर्ची आणि पेरियाँ मंडळींची आरामखुर्चीही आली. जेवणाच्या मेजावर पुइफोर्काची चांदी. फ्रान्समध्ये ऱ्यूलमानपंथी आणि पोलादी नळीपंथी हे एकमेकांचे तोंड पाहत नव्हते. १९२९ मध्ये नळीपंथीयांनी जुन्या संस्थेतून फुटून आपला वेगळा संघच काढला होता. इंदुरात मात्र ते एका छपराखाली नांदले, कारण येथे निवड करणारा पंथाचा नव्हता, राजा होता. बर्नार बूते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने यशवंतरावांची दोन चित्रे काढली आहेत, एक पाश्चात्त्य मेजवानीच्या पोशाखात आणि दुसरे पांढऱ्या गादीवर मराठी दरबारी पोशाखात. ती शेजारी ठेवून पाहिली म्हणजे या निवडीमागील मन थोडे उलगडते. ज्या देशाने आपल्या राजांचे सामान लिलावात काढले, त्या देशाच्या नव्या कलावंतांना मनमोकळा राजाश्रय मिळाला तो असा माळव्यातील एका मराठी संस्थानिकाकडून. संयोगिताबाई १९३७ मध्ये अकाली गेल्या. १९६१ मध्ये यशवंतरावही. १९८०मध्ये माणिकबागेतील सामान मोनाको येथे लिलावात निघाले आणि जगभर पांगले. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने त्याचे प्रदर्शन भरविले. राजवाड्यात मात्र आज केंद्र सरकारचे कर वसूल करणारे दफ्तर आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच सजावटकार हा एक निर्यातीचा जिन्नस झाला. झाँसेन या जुन्या पेढीचा सूत्रधार स्तेफान बूदँ याला जॅकलिन केनेडींनी व्हाइट हाऊसच्या कामात घेतले. परंतु अमेरिकी राष्ट्राध्यक्षाचे घर फ्रेंच माणूस सजवितो हे जनतेस रुचणार नाही म्हणून त्याचे नाव झाकून ठेवण्यात आले, आणि पुढे केले गेले ते हेन्री ड्यू पाँ या अमेरिकी तज्ज्ञाचे. निळे दालन म्हणून प्रसिद्ध असलेल्या खोलीच्या भिंती बूदँने फिकट पांढऱ्या रेशमाने मढविल्या, तेव्हा ड्यू पाँ यांच्या मनास काय वाटले असेल याची कल्पना करावी. इकडे पॅरिसच्या र्‍यू झाकोबवर मादलेन कास्तेंग या बाईंनी दुकान मांडले होते. चित्त्याच्या ठिपक्यांचे गालिचे, हिरवट निळा रंग, जुनी इंग्रज व रशियन कपाटे आणि प्रूस्तच्या कादंबरीतील उदास दुपार यांचे ते मिश्रण. आवडते सामान विकण्याचे बाई सरळ नाकारीत. एखाद्या व्यापाऱ्याविषयी याहून मोठे प्रशस्तिपत्र मला सुचत नाही.

राज्यकर्त्याच्या नावाचा सोस मात्र प्रजासत्ताकातही सुटला नाही. राष्ट्राध्यक्ष पाँपिदू यांनी एलिझे प्रासादातील खासगी खोल्या १९७०च्या दशकाच्या प्रारंभी पिएर पोलँ याच्याकडून गुहेसारख्या मऊ, वाटोळ्या करून घेतल्या. १९७४ मध्ये आलेल्या जिस्कार यांनी त्यांतील बहुतेक काढून टाकल्या. १९८३च्या सुमारास मित्तेराँ यांनी पुन्हा तरुणांना बोलाविले, त्यांत फिलीप स्तार्क होता. पुढच्याच वर्षी त्याने काफे कोस्तसाठी तीन पायांची खुर्ची केली. चौथा पाय नसला की वाढप्याच्या पायाला अडथळा एकाने कमी, हा त्याचा युक्तिवाद. त्याच वर्षी आंद्रे प्यूतमान हिने न्यूयॉर्कच्या मॉर्गन्स हॉटेलात काळ्या-पांढऱ्या चौकटींची स्नानगृहे केली, कारण त्या फरशा स्वस्त होत्या. आणि ती चौकटच तिची स्वाक्षरी ठरली. एलीन ग्रे आणि वास्तुविशारद माले-स्तेव्हेन्स यांचे विस्मरणात गेलेले सामान पुन्हा घडवून विकणारी हीच बाई. स्वतःच्या नावाइतकीच दुसऱ्याच्या नावाची काळजी घेणारी म्हणून मी तिला या यादीत फार वर ठेवतो. तिच्यानंतरचे क्रिस्तियाँ लिएग्र यांचे काळसर लाकूड आणि झाक गार्सिया यांचे लाल मखमल आज जगातील हॉटेलांतून ओळखीचे झाले आहेत. दोघेही निष्णात, पण लिएग्रचा धनको फ्रांक आहे आणि गार्सियाचा तिसरा नेपोलियन.

नावाचे हे गणित भारतात अखेर फार विचित्र रीतीने सुटले. चंदिगडच्या कचेऱ्यांसाठी पिएर झानरेच्या देखरेखीखाली सागवान आणि वेताच्या हजारो खुर्च्या स्थानिक सुतारांनी केल्या. मोडल्यावर त्या भंगारात निघाल्या, पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी त्या नेल्या, दुरुस्त केल्या आणि झानरेच्या नावाने मोठ्या किमतीस विकल्या. ज्यांनी त्या घडविल्या त्या पंजाबी मिस्त्रींची नावे लिलावाच्या यादीत नसतात. १७५१चा तो शिक्क्याचा कायदा जाचक होता, संघाच्या मक्तेदारीसाठी केलेला होता, हे सर्व मान्य करूनही असे म्हणावे लागते की, फर्निचरच्या तीनशे वर्षांच्या इतिहासात कारागिराचे नाव त्याच्या कामावर राहील अशी सक्ती कोणी केली असेल तर ती त्यानेच. आणि तो रद्द झाल्यानंतर त्या जागी दुसरा तसा कायदा कोणत्याही प्रजासत्ताकाने केल्याचे मला तरी माहीत नाही.